दारावरचा माणूस कुणाचा?

८ एप्रिल १९२९ ची हकिगत आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षकदीर्घेतून बॉम्ब टाकले, पत्रकं उधळली, घोषणा दिल्या आणि पळून न जाता स्वतःला पकडून दिलं. त्यानंतर आपण सगळे त्यांच्या मागोमाग कोर्टात आणि तुरुंगात जातो, आणि ते योग्यच आहे. मागे राहिलेल्या त्या सभागृहाचं काय झालं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तिथं त्या दिवसापासून एक वेगळंच भांडण सुरू झालं. त्यात ना बॉम्ब होता ना फाशी. नुसता पत्रव्यवहार आणि हुकूम. पण संसदेच्या आवारात आज जो बंदोबस्त दिसतो, त्याची मुळं त्या भांडणात आहेत.

सरकारच्या दृष्टीनं उत्तर सरळ होतं. बॉम्ब पडला, म्हणजे पहारा ढिला होता; तेव्हा पोलीस आत आणा आणि दारं त्यांच्या ताब्यात द्या. अध्यक्षपदी विठ्ठलभाई पटेल होते. बॉम्ब त्यांच्या डोळ्यांदेखत पडला होता, त्यामुळे पहारा त्यांनाही हवाच होता. त्यांचा हेका एवढाच, की सभागृहाच्या आवारात जो कोणी पहाऱ्याला उभा राहील त्यानं हुकूम अध्यक्षाचा मानायचा. चीफ कमिशनरचा किंवा गृहखात्याचा नव्हे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘वॉच अँड वॉर्ड’ नावाचं सभागृहाचं स्वतःचं पहारेकरी पथक उभं राहिलं. तरी कुरबुर मिटली नाही. १९३० च्या सुरुवातीला सरकारी पोलिसांनी आतल्या भागाचा ताबा घेतल्याचं दिसताच विठ्ठलभाईंनी प्रेक्षकदीर्घाच बंद करायला लावल्या. अखेर तोडगा निघाला तो असा: अधिकारी हवा तर पोलीस खात्यातून यावा, पण आवारात पाऊल टाकल्यावर तो अध्यक्षांच्या हाताखाली. मुंबई महापालिकेचं अध्यक्षपद सांभाळून दिल्लीला गेलेला हा बॅरिस्टर कागदावरच्या लढाईत चांगलाच मुरलेला होता.

या लेखाचा विषय हाच. संसदेचं सभागृह चालतं कसं, ते चालवणारी यंत्रणा कुणाची, आणि त्याच्या दारावर उभा असलेला माणूस कुणाच्या शब्दावर हलतो? विषय वरवर रुक्ष वाटेल. संसदेबद्दल आपण बोलतो ते भाषणं, गोंधळ, सभात्याग आणि कँटीनचे दर यांबद्दल. शिपाई, मार्शल, प्रतिवेदक, टेबलापाशी बसलेले सचिव ही मंडळी कॅमेऱ्याच्या कडेला कुठेतरी दिसतात. पण ज्या दिवशी सभागृहात खरोखर काही आक्रीत घडतं, त्या दिवशी भाषणं नव्हे, हीच मंडळी कामाला येतात.

सुरुवात पहाऱ्यापासून न करता कचेरीपासून करायला हवी, कारण पहारा हा कचेरीचाच एक हात आहे. विठ्ठलभाई १९२५ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सभागृहाचा सगळा कारभार सरकारच्या विधी खात्यातले नोकर पाहतात. ज्या सरकारला प्रश्न विचारायचे, त्याच सरकारचा कारकून प्रश्न स्वीकारणार, तोच त्याची छाननी करणार, आणि त्याची बढती-बदली त्याच सरकारच्या हाती. हे जमायचं कसं? २२ सप्टेंबर १९२८ रोजी मोतीलाल नेहरूंनी स्वतंत्र खात्याचा ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. १० जानेवारी १९२९ पासून कायदेमंडळाचं स्वतंत्र खातं सुरू झालं. बॉम्ब पडण्याआधी अवघे तीन महिने. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कचेरी आपली झाली होती, म्हणूनच नंतर दारावरचा माणूस आपला असावा हा आग्रह धरता आला.

पुढे राज्यघटनेनं हीच गोष्ट पक्की केली. संसदेच्या प्रत्येक सभागृहाला स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारीवर्ग असेल, हे अनुच्छेद ९८ सांगतो. राज्यांच्या विधिमंडळांसाठी तेच काम अनुच्छेद १८७ करतो. घटनेतलं हे कलम परीक्षेत कुणी विचारत नाही आणि भाषणात कुणी उद्धृत करत नाही. गणेश वासुदेव मावळंकरांना मात्र त्याचं मोल पुरतं ठाऊक होतं. मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातलं, वकिली अहमदाबादेत, १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष, १९४६ पासून मध्यवर्ती कायदेमंडळाचे आणि १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष. सचिवालय स्वतंत्र नसेल तर अध्यक्षाचं स्वातंत्र्य शोभेचं ठरतं, हे सूत्र धरून ते १९५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत वागले. लोकसभा सचिवालयाच्या नोकरभरतीचे आणि सेवाशर्तींचे नियम त्यांच्याच काळात, १९५५ साली झाले.

आता सभागृहात चला. अध्यक्ष येण्याआधी मार्शल पुढे होतो आणि खणखणीत आवाजात सभासदांना अध्यक्षांच्या आगमनाची वर्दी देतो. सगळे उठून उभे राहतात. एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे लोक या एका क्षणी एकत्र उभे असतात. मार्शलचा पोशाख पूर्वापार बंदगळ्याचा आणि फेट्याचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यसभेच्या अडीचशेव्या अधिवेशनात मार्शल एकदम लष्करी थाटाचा गणवेश आणि टोपी घालून उभे राहिले. माजी लष्करप्रमुख व्ही. पी. मलिक यांच्यासारख्यांनी हरकत घेतली आणि सभापती व्यंकय्या नायडूंना फेरविचाराचा आदेश द्यावा लागला. कपड्यांवरून एवढा गहजब कशाला, असं तेव्हा काहींना वाटलं. मला ती हरकत अगदी रास्त वाटते. सभागृहातला मार्शल सैनिक नाही आणि पोलीसही नाही. तो सभागृहाचा नोकर आहे, हे बघणाऱ्याला लांबूनही कळलं पाहिजे.

या नोकराचं खरं काम पाहायचं तर मतविभाजनाच्या वेळी पाहावं. अध्यक्षांनी लॉबी मोकळी करायला सांगितलं की घंटा वाजू लागते. लोकसभेच्या नियमाप्रमाणे साडेतीन मिनिटं. ग्रंथालयातून, कँटीनमधून सभासद धावत येतात. घंटा थांबली की लॉबीची दारं बंद. मग पंतप्रधान बाहेर राहिले तरी दार उघडत नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूनं २६९ आणि विरोधात २७० मतं पडली. एका मतानं केंद्रातलं सरकार गेलं. अशा दिवशी ते दार अर्धा मिनिट आधी लागलं, किंवा कुणा एकासाठी अर्धा मिनिट उघडं राहिलं, तर काय होईल याचा विचार करावा. त्या दाराची कडी ज्याच्या हातात आहे, त्याची नोकरी सरकारच्या मर्जीवर असेल तर त्या मतदानावर विरोधी बाकांनी विश्वास का ठेवावा? पहाऱ्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न इथं तत्त्वाचा राहत नाही, कडीकोयंड्याचा होतो.

ही रीत मुळात इंग्लंडातली. १६४२ च्या जानेवारीत राजा पहिला चार्ल्स सशस्त्र माणसं घेऊन पाच सभासदांना पकडायला कॉमन्स सभेत शिरला. ते आधीच निसटले होते, आणि स्पीकर लेंथॉलनं त्यांचा ठावठिकाणा सांगायला नकार दिला. आजही राजाचा दूत भाषणाचं बोलावणं घेऊन येतो तेव्हा त्याच्या तोंडावर दार लावून घेतात. आपल्याकडे तो नाट्यप्रयोग होत नाही, पण त्यातलं मर्म नियमात आलं आहे. अध्यक्षांच्या परवानगीशिवाय सभागृहाच्या आवारात कुणालाही अटक करता येत नाही, कोर्टाचं समन्ससुद्धा बजावता येत नाही. लोकसभेच्या कामकाज नियमांतले २३२ आणि २३३ हे नियम त्याचेच.

मात्र या संरक्षणाची एक फट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. सभासदाची झडती घ्यायची नाही, हा संकेत. २२ जुलै २००८ रोजी विश्वासदर्शक ठरावाच्या चर्चेत काही खासदारांनी लोकसभेत एक कोटी रुपयांच्या नोटांची पुडकी काढून दाखवली. ती आली कशी, तर बॅगेतून, राजरोस. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगणाच्या विधेयकावरून एका खासदारानं सभागृहातच मिरपुडीचा फवारा मारला. खोकत, डोळे चोळत सभासद बाहेर पडले आणि काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. सगळी यंत्रणा बाहेरच्या माणसाला अडवायला बसवलेली, आणि फवारा आतल्या माणसाच्या खिशात. तरीही सभासदांची झडती सुरू करा, असं मी म्हणणार नाही. ज्या दिवशी गृहखात्याचा जवान विरोधी पक्षाच्या खासदाराचे कागद चाळू लागेल, त्या दिवशी मिरपुडीपेक्षा मोठं नुकसान झालेलं असेल.

सभासदाला आवरायचं तर त्यासाठी नियम आहेत. निघून जा असं सांगणं, नाव घेऊन निलंबन, आणि २००१ पासून हौद्यात उतरून गोंधळ घालणाऱ्याचं आपोआप पाच बैठकांचं निलंबन. ऐकलंच नाही तर मार्शल. राज्यसभेत १९६२ साली गोडे मुराहरींना आणि १९६६ साली राजनारायण यांच्यासह पुन्हा मुराहरींना मार्शलकरवी बाहेर काढण्यात आलं. राजनारायण यांच्यासारख्या आडदांड माणसाला उचलून नेणं हे मार्शलच्या नोकरीतलं कष्टाचं काम असणार. पण तेव्हा कुणी म्हणालं नाही की ही माणसं कुठून आली. ११ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यसभेत विमा विधेयकाच्या वेळी झालेल्या झटापटीनंतर मात्र नेमकी हीच तक्रार झाली. आपल्या पंचावन्न वर्षांच्या संसदीय आयुष्यात असं पाहिलं नव्हतं, बाहेरून माणसं आणली होती, असं शरद पवार म्हणाले. सरकारपक्षानं ते नाकारलं आणि उलट सभासदांनीच मार्शलना मारहाण केल्याचा आरोप केला. कोण खरं, हा वाद बाजूला ठेवू. सभागृहातल्या गणवेशाकडे बघून हा आमचा की त्यांचा असा प्रश्न पडू लागला, हेच वाईट.

दोन तारखांशिवाय हा विषय पुढे सरकत नाही, आणि योगायोगानं दोन्ही १३ डिसेंबरच्या आहेत.

२००१ साली त्या दिवशी गृहखात्याचं बनावट स्टिकर लावलेली पांढरी अँबॅसिडर पाच हल्लेखोरांना घेऊन आवारात शिरली. सभागृहं नुकतीच तहकूब झाली होती, पण मंत्री आणि खासदार मोठ्या संख्येनं आतच होते. त्या गाडीचा संशय आला तो केंद्रीय राखीव दलाच्या कॉन्स्टेबल कमलेश कुमारी यांना आणि वॉच अँड वॉर्डच्या जगदीश प्रसाद यादव यांना. यादव यांच्या हातात शस्त्र नव्हतं. ते गाडीमागे धावले. त्यांचे सहकारी मातबर सिंग नेगी आतल्यांना सावध करायला, दारं लागावीत म्हणून धावले. तिघंही गोळ्यांनी गेले. तिघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. दिल्ली पोलिसांचे जवान आणि बागेत काम करणारा एक माळीही त्या दिवशी मारले गेले. एकही हल्लेखोर इमारतीच्या आत पोचला नाही, कारण दारं वेळेवर बंद झाली. यादव आणि नेगी हे राज्यसभा सचिवालयाचे नोकर होते. विठ्ठलभाईंनी भांडून मिळवलेल्या पथकातले.

२०२३ साली त्याच तारखेला नव्या इमारतीत, शून्य प्रहर चालू असताना, दोन तरुणांनी प्रेक्षकदीर्घेतून थेट लोकसभेत उडी मारली आणि बुटात दडवलेल्या नळकांड्यांतून पिवळा धूर सोडला. बाकांवरून उड्या मारत ते पुढे निघाले तेव्हा त्यांना आधी धरलं ते खासदारांनी. बाहेर रस्त्यावर धूर सोडणाऱ्यांत एक तरुण आपल्या लातूर जिल्ह्यातला होता. आतले दोघं रीतसर पास घेऊन आले होते. पासावर एका खासदाराची शिफारस होती. या माणसाला मी व्यक्तिशः ओळखतो आणि त्याची जबाबदारी घेतो, असं शिफारस करणाऱ्या खासदारानं लिहून द्यायचं असतं. ते किती गांभीर्यानं लिहिलं जातं, हे कुठल्याही खासदाराच्या स्वीय सहायकाला विचारावं. १९२९ साली भगतसिंगही पासावरच आत आले होते. चौऱ्याण्णव वर्षांत स्कॅनर आले, जॅमर आले, पण सहीची सवय गेली नाही. आणखी एक: संसदेच्या सुरक्षेची धुरा ज्या संयुक्त सचिवाकडे असते, ते पद त्या दिवशी नियमित अधिकाऱ्याविना होतं. कचेरीत खुर्ची रिकामी राहिली की त्याचा परिणाम दारावर दिसतो. शिक्षा झाली ती सचिवालयाच्या आठ सुरक्षा कर्मचाऱ्यांना. ते निलंबित झाले. पुढच्या काही दिवसांत गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून आग्रह धरणारे दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदारही निलंबित झाले. त्यामुळे मूळ प्रश्नावर चर्चा झालीच नाही.

आणि मग विठ्ठलभाईंनी आखलेली रेघ सरकली. २० मे २०२४ पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या ३,३१७ जणांनी संसदेच्या आवाराचा ताबा घेतला. केंद्रीय राखीव दलाची तुकडी गेली, दिल्ली पोलीस गेले, हे समजण्यासारखं आहे. दहशतवादाच्या काळात एकाच कवायतीचं एकच दल असणं सोयीचं. पण २००९ पासून ‘पार्लमेंट सिक्युरिटी सर्व्हिस’ या नावानं काम करणाऱ्या जुन्या वॉच अँड वॉर्डची कितीतरी कामंही त्यांच्याकडे गेली. हे दल गृहखात्याचं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यसभेतले विरोधी पक्षनेते मल्लिकार्जुन खर्गे यांनी उपसभापती हरिवंश यांना पत्र लिहून विचारलं, की निषेध करणाऱ्या सभासदांना अडवायला या दलाची माणसं हौद्यापर्यंत कशी आली? सरकारपक्षाचं म्हणणं असं, की आत होते ते मार्शलच. कॅनडातही २०१४ च्या हल्ल्यानंतर असाच पेच पडला. तिथं संसदेसाठी स्वतंत्र संरक्षण सेवा काढली, तिचं रोजचं नेतृत्व केंद्रीय पोलिसांकडे दिलं, पण जबाबदारी दोन्ही सभागृहांच्या स्पीकरांकडे ठेवली. तिथले सभासदही त्यावर पूर्ण खूश नव्हते. निदान वाटणी कायद्यानं झाली.

महाराष्ट्राचा अनुभव याहून घरगुती आहे. आपल्याकडे धोका बाहेरून क्वचितच आला. १९६४ साली जांबुवंतराव धोटे यांनी विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेनं पेपरवेट भिरकावला. सभागृहानं त्यांना काढून टाकलं आणि मतदारांनी पोटनिवडणुकीत परत पाठवलं. राजदंड पळवणं ही तर आपल्या आमदारांची जुनी हौस. ५ जुलै २०२१ रोजी तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केल्याबद्दल बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. सभागृहाला आपल्या घरात शिस्त लावता येते, पण अधिवेशनापलीकडे एखाद्या मतदारसंघाला आवाजाविना ठेवता येत नाही. २०१३ साली विधानभवनाच्या आवारात आमदारांनीच एका पोलीस अधिकाऱ्याला मारहाण केली. जुलै २०२५ मध्ये दोन आमदारांचे समर्थक लॉबीत एकमेकांना भिडले आणि अध्यक्षांना अभ्यागतांच्या प्रवेशावरच निर्बंध घालावे लागले. अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवनात गेलेल्या कुणालाही विचारा: आमदार कमी आणि त्यांच्या मागे फिरणारी मंडळी जास्त. तो बंदोबस्ताचा नव्हे, पासांचा प्रश्न आहे, आणि पास कोण मागतं हे सगळ्यांना माहीत आहे.

मुंबईत रीगल सिनेमासमोरच्या ज्या दगडी इमारतीत पूर्वी आपलं विधिमंडळ भरायचं, तिथं आज राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. सभागृह १९८१ मध्ये नरिमन पॉइंटला गेलं आणि जुन्या वास्तूत पोलीस आले. ही निव्वळ जागेची अदलाबदल, त्यातून काही सुचवायचं नाही. पण कुणी विधिमंडळाच्या जुन्या फायली शोधत तिथं गेला, तर दारावर त्याला पोलीस भेटेल, एवढं सांगून ठेवतो.

माझं मत लपवत नाही. भिंती, फाटकं, गाड्यांची तपासणी, सामानाचे स्कॅनर ही कामं प्रशिक्षित सशस्त्र दलाची आहेत आणि ती त्यांच्याकडेच असावीत. २००१ नंतर यावर वाद घालणं पोरकटपणाचं ठरेल. लॉबीच्या दारापासून आत मात्र फक्त सभागृहाचीच माणसं हवीत, सभागृहानं नेमलेली, सभागृहाकडून पगार घेणारी आणि अध्यक्षांच्या हुकमापलीकडे कुणाचा हुकूम न मानणारी. त्यांची रिकामी पदं भरली पाहिजेत, त्यांना आजच्या धोक्यांचं शिक्षण मिळालं पाहिजे, आणि ही हद्द नेमकी कुठं सुरू होते ते कामकाज नियमांत लिहून ठेवलं पाहिजे. आज ते संकेतांवर आणि त्या त्या अध्यक्षाच्या स्वभावावर सोडलं आहे. प्रत्येक अध्यक्ष विठ्ठलभाई नसतो.

वाचकांना एकच विनंती. मुंबईच्या किंवा नागपूरच्या अधिवेशनात, नाहीतर दिल्लीला गेलात तर संसदेत, एकदा पास काढून प्रेक्षकदीर्घेत बसा. भाषणं टीव्हीवर ऐकायला मिळतातच. तिथं गेल्यावर दारांकडे बघा, कोण उघडतो, कोण बंद करतो. आणि पासासाठी ओळख नसलेल्या आमदार-खासदाराची सही मागू नका.